धमनी उघडली, पण रक्त किती पोहोचले?

वाचकांचे प्रश्न

अँजिओप्लास्टीविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरत होती : स्टेंट बसवल्यानंतर अहवालात जे आकडे लिहिलेले असतात त्यांचा अर्थ काय, आणि त्यांवरून रुग्णाचे पुढे कसे होईल हे सांगता येते का? त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रांतील मजकूर घरगुती असल्याने लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. त्यांच्या हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीत, म्हणजे ‘एलएडी’मध्ये, दोन महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला. अहवालात एका ओळीत ‘टिमी ३ प्रवाह, अरुंदी शिल्लक नाही’ असे आहे आणि त्याच्याच खाली ‘स्टेंटनंतर एफएफआर ०.८६’ असे आहे. काम चांगले झाले, असे डॉक्टर म्हणाले. मग हा आकडा १ का नाही? अजून १४ टक्के ब्लॉकेज राहिले आहे असे समजायचे का? वडिलांना पुढे धोका आहे की नाही, हे यावरून कळते का?

उत्तर : १४ टक्के ब्लॉकेज राहिले असा याचा अर्थ नाही, हे आधी सांगून टाकतो. अहवालातील दोन्ही ओळी खऱ्या आहेत. फक्त त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

पहिली ओळ डोळ्यांनी पाहून लिहिलेली असते. धमनीत डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारे द्रव, सोडली की ती किती वेगाने आणि कुठवर जाते हे पडद्यावर दिसते, आणि त्यावरून शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. शून्य म्हणजे अडथळ्यापलीकडे काहीच गेले नाही. एक म्हणजे थोडी डाय झिरपली, पण टोकापर्यंत पोहोचली नाही. दोन म्हणजे पोहोचली, पण रेंगाळत. आणि तीन म्हणजे निरोगी धमनीत जाते तशी गेली. ‘टिमी’ हे अमेरिकेतील एका संशोधनगटाचे नाव आहे. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधांची तुलना करण्यासाठी त्यांनी ही श्रेणी वापरली आणि १९८५ साली ती प्रसिद्ध झाली. चाळीस वर्षांनंतरही जवळपास प्रत्येक अँजिओप्लास्टीच्या अहवालात ती असते, कारण तिला वेगळे उपकरण लागत नाही आणि वेळही लागत नाही.

तिची उणीव अशी की ‘दोन’ आणि ‘तीन’ यांच्यातली रेघ पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. म्हणून १९९६ साली मायकेल गिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ चित्रे मोजायला सुरुवात केली. धमनीच्या मुखाशी डाय दोन्ही काठांना टेकून पुढे सरकली ते पहिले चित्र, आणि टोकाच्या ठरावीक खुणेला ती पोहोचली ते शेवटचे. एलएडीची खूण मोठी गमतीची आहे : टोकाशी धमनी दुभंगते तो आकार व्हेल माशाच्या शेपटीसारखा दिसतो आणि कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, त्याला तसेच म्हणतात. सेकंदाला ३० चित्रांच्या फिल्मवर निरोगी धमनीत हा प्रवास साधारण २१ चित्रांचा, म्हणजे पाऊण सेकंदाहूनही कमी वेळाचा असतो. एलएडी इतर दोन धमन्यांपेक्षा लांब असल्यामुळे तिच्या मोजणीला १.७ ने भागून मगच तुलना करतात. नजरेच्या अंदाजाला आकड्याची शिस्त लागली ती अशी. तरी हे सारे रुग्ण शांत पडून असताना वाहणाऱ्या रक्ताबद्दल आहे. जिना चढताना हृदयाला तिप्पट-चौपट रक्त लागते तेव्हा ते मिळेल का, या प्रश्नाला ‘टिमी ३’ हात लावत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या ओळीत आहे. एफएफआर, म्हणजे फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह, मोजताना सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची तार धमनीत उतरवतात. तिच्या टोकाजवळ दाब मोजणारा बारीक संवेदक असतो. ॲडेनोसिन देऊन हृदयाच्या स्नायूतील बारीक वाहिन्या पूर्ण सैल केल्या जातात, म्हणजे जणू रुग्ण जोराचा व्यायाम करत आहे अशी स्थिती निर्माण होते. त्या वेळी रुग्णाला अर्धा-एक मिनिट छाती दडपल्यासारखी वाटते, चेहरा तापतो, आणि औषध थांबवताच ते ओसरते. पडद्यावर दाबाच्या दोन लाटा एकमेकींवर धावत असतात, एक महाधमनीतली आणि एक तारेच्या टोकाची. स्टेंटच्या आधी त्या एकमेकींपासून स्पष्ट सुटलेल्या दिसतात. स्टेंटनंतर जवळ येतात. तारेच्या टोकाच्या दाबाला महाधमनीतल्या दाबाने भागले की एफएफआर मिळतो. ०.८६ याचा अर्थ असा की ही धमनी मुखापासून टोकापर्यंत पूर्ण निरोगी असती तर जास्तीत जास्त जेवढे रक्त देऊ शकली असती, त्याच्या ८६ टक्के ती आज देते. ब्लॉकेजची टक्केवारी अरुंदीची असते आणि ही पुरवठ्याची आहे. १०० मधून एक वजा करून दुसरी काढता येत नाही.

मग उरलेले १४ टक्के गेले कुठे? माझ्या मते संपूर्ण अहवालात विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे, आणि दुर्दैवाने त्याचे उत्तर अहवालात क्वचितच लिहिलेले असते.

ते शोधण्याची रीत साधी आहे. ॲडेनोसिन चालू असतानाच तार हळूहळू, एकसारख्या गतीने मागे ओढतात आणि दाब कुठे चढतो ते पाहतात. एखाद्या जागी दाबाने एकदम उडी घेतली, तर दोष त्या जागी आहे : स्टेंट पुरता फुललेला नसेल, त्याच्या काठाशी आतल्या अस्तराला चीर गेली असेल, किंवा अलीकडे-पलीकडे दुसरी अरुंदी असेल जी मोठ्या ब्लॉकेजच्या सावलीत दडून राहिली होती. हे शेवटचे कारण वाटते त्याहून जास्त आढळते. मोठा अडथळा असेपर्यंत प्रवाहच कमी असतो, त्यामुळे दुसऱ्या अडथळ्यावर दाब फारसा पडत नाही. पहिला दूर होऊन प्रवाह वाढला की दुसरा उघडा पडतो. याउलट तार मागे येताना दाब मुंगीच्या पावलांनी वाढत राहिला, कुठेही उडी दिसली नाही, तर धमनीच्या संपूर्ण लांबीत चरबीचा पातळ थर पसरलेला आहे असे समजावे. तिथे आणखी एक स्टेंट घालून काही साधत नाही, आणि लांबलचक धातू आत ठेवल्याचा त्रास मात्र पदरात पडतो.

शेवटी तार कॅथेटरच्या, म्हणजे ती ज्या नळीतून आत घातली तिच्या, तोंडाशी आणतात. तिथे दोन्ही लाटा तंतोतंत जुळायला हव्यात. जुळल्या नाहीत तर संवेदकच सरकला आहे, आणि मघाचा आकडा पुन्हा घ्यावा लागतो. दोन-तीन शतांशांचा फरक एवढ्यावरून पडू शकतो, म्हणून ०.८६ आणि ०.८८ यांच्यात फार मोठे अंतर आहे असे कोणी मानू नये.

आपल्या वडिलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. एलएडी हृदयाच्या पुढच्या अंगाने जाते, आणि रुग्ण पाठीवर झोपलेला असतो तेव्हा तिचे टोक महाधमनीच्या मुखापेक्षा काही सेंटीमीटर उंचीवर असते. रक्ताच्या स्तंभाचे वजन दर सेंटीमीटरला सुमारे पाऊण मिलिमीटर पाऱ्याइतके. टोक चार-पाच सेंटीमीटर वर असेल तर केवळ उंचीमुळे तीन-चार मिलिमीटर दाब कमी दिसतो, आणि महाधमनीतला दाब ९० असेल तर एफएफआर त्यामुळेच ०.०४ च्या आसपास खाली येतो. मोठ्या रक्तपुरवठ्याची धमनी असल्यामुळेही तिच्यातला आकडा इतर दोन धमन्यांपेक्षा कमी येतो. एलएडीतला ०.८६ आणि उजव्या धमनीतला ०.८६ यांना एका तराजूत घालणे बरोबर नाही.

आता भाकिताविषयी. एफएफआरची पद्धत रूढ करणाऱ्या निको पाइल्स यांनी २००२ साली स्टेंट बसवलेल्या ७५० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. स्टेंटनंतर ज्यांचा आकडा ०.९५ च्या वर होता त्यांच्यापैकी सहा महिन्यांत ४.९ टक्के रुग्णांच्या वाट्याला मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा त्याच धमनीवर पुन्हा उपचार यांपैकी काही आले. ०.९० ते ०.९५ मध्ये हे प्रमाण ६.२ टक्के होते, ०.९० च्या खाली ते एकदम २०.३ टक्क्यांवर गेले आणि ०.८० च्या खाली २९.५ टक्क्यांवर. ते साध्या, औषध न लावलेल्या स्टेंटचे दिवस होते. आजच्या औषधी स्टेंटमध्ये धमनी पुन्हा बुजण्याचे प्रमाण खूपच खाली आले असल्यामुळे हे टक्के आज जसेच्या तसे लावता येणार नाहीत. दिशा मात्र तीच राहिली आहे, आकडा जितका वर तितका पुढचा त्रास कमी.

पण इथेच थोडे थांबायला हवे. आकडा कमी असलेल्यांना त्रास जास्त होतो हे एक, आणि आकडा वाढवला की त्रास कमी होतो हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. ग्लासगो येथे २६० रुग्णांवर झालेला ‘टार्गेट एफएफआर’ अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांचा आकडा पाहून, जिथे शक्य तिथे स्टेंट आणखी फुगवून किंवा दुसरा घालून सुधारणा केली. ०.९० किंवा त्याहून वर पोहोचलेल्यांचे प्रमाण ३८ टक्के झाले, दुसऱ्या गटात ते २८ टक्के होते, आणि हा फरक योगायोगाचा नाही असे म्हणण्याइतका ठाम ठरला नाही. ०.८० च्या खाली राहिलेले मात्र ३० वरून १९ टक्क्यांवर आले. रॉटरडॅममधील ‘एफएफआर रिॲक्ट’ या अभ्यासात २९१ रुग्ण होते. तिथे आकडा ०.९० च्या खाली आलेल्या धमन्यांच्या आतून अल्ट्रासाउंड चित्रे घेऊन दुरुस्ती केली, तरी वर्षभरानंतर दोन गटांच्या प्रकृतीत फरक दिसला नाही.

यावरून माझे मत असे बनले आहे की स्टेंटनंतरचा कमी एफएफआर पुष्कळदा आरोपी नसतो, साक्षीदार असतो. संपूर्ण धमनीत रोग पसरलेला आहे, मधुमेह किंवा कोलेस्टेरॉल बरीच वर्षे काम करत आले आहे, असे तो सांगतो. त्रास त्या रोगापासून होतो, आणि त्यावर इलाज औषधांचा आहे. आपल्या डॉक्टरांना एवढेच विचारावे : तार मागे ओढून पाहिली होती का, आणि दाब एका जागी चढला की सावकाश? सावकाश चढला असेल तर ०.८६ हा त्या धमनीतून मिळण्यासारखा उत्तम आकडा असू शकतो आणि डॉक्टरांचे ‘काम चांगले झाले’ हे म्हणणे अगदी योग्य आहे. औषधी स्टेंटनंतर निम्म्याच्या आसपास धमन्या ०.९० च्या खालीच राहतात, त्यामुळे वडील काही वेगळ्या, वाईट गटात पडले असे मुळीच नाही.

प्रश्न : आईला हृदयविकाराचा मोठा झटका आला. तीन-साडेतीन तासांत स्टेंट बसला. धमनी पूर्ण उघडली, तरीही ‘खालच्या बारीक वाहिन्यांत रक्त नीट जात नाही’ असे आम्हाला सांगण्यात आले. धमनी उघडी असताना रक्त अडते कसे? यात उपचाराला उशीर झाला किंवा कोणाची चूक झाली, असे आहे का?

उत्तर : अँजिओग्राफीत ज्या धमन्या दिसतात त्या झाडाचे खोड आणि मोठ्या फांद्या आहेत. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या त्या चित्रात सुट्या दिसत नाहीत, आणि स्नायूला प्रत्यक्ष रक्त देणारे जाळे सगळे त्या मापाखालचे आहे. स्टेंट खोडातला अडथळा काढतो. पानांचे काय झाले हे त्याला ठाऊक नसते.

१९७४ साली क्लोनर, गॅनोट आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसले होते. धमनी ४० मिनिटे बांधून सोडली तर रक्त पुन्हा सर्वत्र पसरे. ९० मिनिटांनंतर सोडली तर धमनी मोकळी असूनही स्नायूच्या आतल्या थरात रक्त शिरतच नसे. तिथल्या केशवाहिन्यांचे अस्तर सुजून आत फुगवटे आले होते. माणसात याखेरीज आणखी कारणे जमा होतात : फुगवताना गुठळीचे आणि चरबीचे कण सुटून खाली अडकतात, पांढऱ्या पेशी वाहिन्यांत चिकटून बसतात, सुजलेला स्नायू बाहेरून दाब देतो. याला ‘नो-रिफ्लो’ म्हणतात, म्हणजे वाट मोकळी झाल्यावरही प्रवाह परत न येणे.

हे ओळखण्याच्या तीन खुणा कॅथलॅबमध्येच मिळतात. पहिली पडद्यावर. डाय धमनीतून पुढे गेल्यावर स्नायूवर क्षणभर राखाडी छटा उमटते, काचेवर श्वास सोडल्यावर वाफ दिसते तशी, आणि मग विरते. ती उमटलीच नाही, किंवा उमटून जायलाच तयार नाही, तर खालचे जाळे निकामी आहे. नेदरलँड्समधील झ्वोले येथील फान ट हॉफ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली ७७७ रुग्णांत या छटेची प्रतवारी केली. छटा चांगली होती त्यांच्यात सरासरी दोन वर्षांच्या सुमाराला मृत्यूचे प्रमाण ३ टक्के, मध्यम होती त्यांच्यात ६ टक्के, आणि नव्हती किंवा जेमतेम होती त्यांच्यात २३ टक्के होते. म्हणजे धमनी उघडलेल्या रुग्णांमध्येही खालच्या थराचे नशीब वेगळे असू शकते. आपल्या आईच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते बहुधा अशाच निरीक्षणावरून.

दुसरी खूण ईसीजीवर असते. झटक्यात वर चढलेली एसटी रेषा (ईसीजीच्या आलेखाचा एक भाग) स्टेंटनंतर तासा-दीड तासात ७० टक्के किंवा अधिक खाली उतरली तर स्नायूला रक्त पोहोचल्याचा तो स्वस्त आणि भरवशाचा पुरावा आहे. भारी उपकरणांच्या गर्दीत ही कागदाची पट्टी उगाच मागे पडली आहे, असे मला नेहमी वाटते.

तिसरी खूण तारेने मोजतात. तिला आयएमआर म्हणतात, म्हणजे सूक्ष्म वाहिन्यांच्या विरोधाचा निर्देशांक. खोलीच्या तापमानाचे तीन मिलिलिटर सलाइन झटकन धमनीत सोडतात. टोकाच्या संवेदकाला क्षणभर गारवा लागतो आणि पडद्यावर तापमानाची रेषा दरी करून परत वर येते. तो गारवा पोहोचायला लागलेला वेळ आणि तिथला दाब यांचा गुणाकार म्हणजे आयएमआर. असे तीनदा करून सरासरी काढतात. एखादी दरी वाकडी आली तर ती टाकून पुन्हा. स्टॅनफर्डच्या विल्यम फिअरन यांनी ही रीत २००३ साली मांडली. निरोगी माणसात आकडा २५ च्या आत असतो. त्यांच्या २०१३ च्या अभ्यासात झटक्यानंतर लगेच स्टेंट बसवलेले २५३ रुग्ण होते. त्यांच्यापैकी ज्यांचा आकडा ४० च्या वर गेला त्यांच्यात वर्षभरात मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन पुन्हा भरती होण्याचे प्रमाण १७.१ टक्के होते, इतरांत ६.६ टक्के.

आपला शेवटचा प्रश्न अवघड आहे आणि त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे. धमनी जितका वेळ बंद, तितके खालचे जाळे अधिक बिघडते, हे खरे. पण वेळेत उपचार झालेल्यांतही हे घडते. गुठळी किती मोठी होती, मधुमेह आहे का, पर्यायी वाहिन्या होत्या का, यांवर ते अवलंबून असते. स्टेंट घालताना गुठळी ओढून काढली असती तर हे टळले असते का, असे घरचे लोक विचारतात. तो प्रयोग झालेला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टोटल’ या दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत सरसकट गुठळी ओढल्याने फायदा झाला नाही, उलट पक्षाघाताचे प्रमाण किंचित वाढले. धमनीत थेट वाहिन्या सैल करणारी औषधे देतात. त्यांनी पडद्यावरचा प्रवाह सुधारतो, पण आयुष्य वाढते असे ठामपणे दिसलेले नाही. त्यामुळे ‘धमनी उघडली तरी रक्त पोहोचले नाही’ एवढ्यावरून कोणाच्या हातून चूक झाली, असा निष्कर्ष काढू नये.

आईसाठी पुढे महत्त्वाचे ते हे : असे रुग्ण हृदयाची पंपाची ताकद कमी होण्याच्या वाटेवर असू शकतात. इकोची तपासणी ठरल्या वेळी करावी, रोज सकाळी वजन पाहावे, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ, पायांवर सूज किंवा आडवे झाल्यावर धाप असे काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. बारीक वाहिन्यांचा बिघाड काही जणांत आठवड्यांत पुष्कळ भरूनही येतो, म्हणून पहिल्या दिवसाच्या आकड्यावर सारे ठरवून टाकू नये.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना द्रवगतिशास्त्र शिकवतो. तुम्हाला जाणून घ्यायचा असतो प्रवाह, आणि तुम्ही मोजता दाब. नळातले पाणी मोजायचे असेल तर आम्ही प्रवाहमापी लावतो. तुम्ही असे का करत नाही?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. दाबावरून प्रवाह काढायचा तर विरोध स्थिर हवा, आणि हृदयाच्या वाहिन्यांचा विरोध क्षणोक्षणी बदलत असतो. गरज वाढली की वाहिन्या सैल होतात. अडथळा आला की सैल होऊन त्याची भरपाई करतात. १९७४ साली लान्स गूल्ड यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले की धमनीचा व्यास सुमारे ८५ टक्के अरुंद होईपर्यंत विश्रांतीतला प्रवाह कमी होत नाही. जास्तीत जास्त प्रवाहाला मात्र व्यास निम्मा होण्याच्या आसपासच ओहोटी लागते. म्हणून ॲडेनोसिन. सगळ्या वाहिन्या सैल झाल्या की विरोध किमान पातळीला जाऊन टिकतो, आणि तेवढ्या वेळेपुरते दाब आणि प्रवाह समप्रमाणात चालतात. एफएफआरची सारी इमारत या एका गृहीतकावर उभी आहे. ज्यांचे सूक्ष्म जाळे सैलच होऊ शकत नाही, त्यांच्यात ते गृहीतक ढासळते : प्रवाह वाढत नाही, म्हणून अरुंदीवर दाबही पडत नाही, आणि एफएफआर खोटा चांगला येतो. नुकताच मोठा झटका आलेल्या धमनीत मी त्या आकड्यावर विसंबत नाही, ते या कारणाने.

दाबाचा मान तसा जुनाच आहे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी पहिली करोनरी अँजिओप्लास्टी केली, तेव्हाही ते फुग्याच्या कॅथेटरमधून अडथळ्याच्या दोन बाजूंचा दाब पाहत होते. पुढे साधने बारीक झाली, चित्रे सुधारली आणि दाब मागे पडला. तारेच्या रूपाने तो १९९० च्या दशकात परतला.

प्रवाह थेट मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. तारेच्या टोकाला डॉप्लर बसवून वेग मोजता येतो; औषधाखालचा वेग आणि विश्रांतीतला वेग यांचे गुणोत्तर म्हणजे सीएफआर, आणि ते २ च्या खाली गेले तर कमी मानतात. स्टेंटनंतर लगेच घेतलेल्या या गुणोत्तराचा मोठा घोटाळा असा की तेव्हा विश्रांतीतलाच प्रवाह पुष्कळदा वाढलेला असतो, त्यामुळे छेद मोठा होऊन गुणोत्तर उगाच कमी दिसते. आपल्याला भावेल अशी रीत आइंदोव्हनच्या संशोधकांनी रूढ केली. एका खास कॅथेटरमधून मिनिटाला सुमारे २० मिलिलिटर थंडसर सलाइन सतत सोडायचे, ते रक्तात मिसळल्यावर तापमान किती उतरले ते तारेने मोजायचे, आणि त्यावरून रक्ताचा प्रवाह मिनिटाला किती मिलिलिटर ते काढायचे. मिश्रणाचे गणित आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच शिकवत असाल. सलाइनच्या त्या धारेने वाहिन्या आपोआप सैल होतात, त्यामुळे ॲडेनोसिनही लागत नाही. अडचण एकच : मिनिटाला १८० मिलिलिटर हे पुरेसे की अपुरे, हे त्या धमनीवर किती ग्रॅम स्नायू पोसला जातो त्यावर ठरते, आणि तो आकडा माणसागणिक वेगळा. दाबाचे गुणोत्तर या भानगडीत पडत नाही. निरोगी धमनीत ते सगळ्यांचे १ च्या जवळच असते. प्रवाहमापी असूनही आम्ही दाबमापीकडे वळतो, ते यासाठी.

प्रश्न : माझ्या अहवालात एफएफआर, आयएमआर यांपैकी काहीच नाही. माझी तपासणी अर्धवट राहिली का?

उत्तर : नाही. बहुसंख्य स्टेंट आजही ही मोजणी न करता बसवले जातात. स्टेंटच्या आधी, ब्लॉकेजला हात लावावा की नाही हे ठरवण्यासाठी एफएफआर वापरण्याला भक्कम आधार आहे. स्टेंटनंतरच्या मोजणीचा आधार त्या मानाने कच्चा आहे, हे पहिल्या उत्तरात आलेच आहे. धमनीच्या आतून अल्ट्रासाउंडने किंवा ओसीटीने, म्हणजे प्रकाशकिरणांनी, चित्र घेऊन स्टेंट नीट फुलला आहे का हे पाहिले असेल, तर ते माझ्या मते जास्त मोलाचे, आणि त्याला मोठ्या चाचण्यांचा पाठिंबा आहे. अहवालात त्याचा उल्लेख आहे का ते पाहा. तोही नसेल आणि आपल्याला काही त्रास नसेल, तर केवळ आकडा मिळवण्यासाठी पुन्हा कॅथेटर घालून घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : स्टेंटला आठ महिने झाले. चालताना छातीत पूर्वीसारखेच आवळते. पुन्हा अँजिओग्राफी केली, स्टेंट स्वच्छ आहे म्हणतात. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. हा प्रवाह आता मोजता येईल का?

उत्तर : मनाचे खेळ आहेत हे मोजल्याशिवाय कोणी म्हणू नये. चांगला स्टेंट असूनही छातीत आवळणे राहिलेले रुग्ण थोडेथोडके नाहीत, आणि अशा वेळी ही मोजणी खरी उपयोगाची ठरते. अँजिओग्राफी चालू असतानाच तार घातली असती तर एकाच वेळी तीन गोष्टी कळल्या असत्या : एफएफआरवरून मोठ्या धमनीत कुठे दाब गळतो का, आयएमआर आणि सीएफआरवरून सूक्ष्म वाहिन्या सैल होतात का, आणि पुढे ॲसिटिलकोलिन देऊन धमनी आकसते का. आता पुन्हा कॅथेटरकडे जाण्याआधी हृदयाचा पेट (पीईटी) स्कॅन किंवा औषध देऊन केलेले हृदयाचे एमआरआय यांनी स्नायूतला प्रवाह बाहेरूनही पाहता येतो.

उत्तरानुसार औषध बदलते. सूक्ष्म वाहिन्या सैल होत नसतील तर बीटा ब्लॉकर आणि त्याच्या जोडीने इतर औषधे. धमनी आकसत असेल तर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आणि नायट्रेट, आणि तिथे बीटा ब्लॉकर उलट त्रास वाढवू शकतो. अंदाजाने औषधे बदलत बसण्यापेक्षा एकदा नीट मोजून घ्यावे. तोवर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी कोणतीही स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि आवळणे विश्रांती घेऊनही दहा मिनिटांत थांबले नाही, किंवा बसल्या जागी येऊ लागले, तर मोजणीचा विचार बाजूला ठेवून थेट आपत्कालीन विभाग गाठा. डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराची एक टिपण वही न्या : किती पावलांवर आवळते, चढावर की सपाटीवर, जेवणानंतर की उपाशीपोटी, पहाटे येते का, आणि जिभेखालच्या गोळीने किती मिनिटांत थांबते. पहाटे, विश्रांतीत येणारे दुखणे आकसण्याकडे बोट दाखवते आणि चालण्याशी ठरलेले दुखणे पुरवठ्याकडे. कोणती चाचणी आधी करायची, हे ठरवायला त्या वहीची मदत होईल.